पन्नास मिनिटं कुणी हात लावू नका

नव्या मॅडम रेकॉर्ड विभागात शिरल्या तेव्हा रेकॉर्डवाल्या ताई स्वेटरची बाही विणत होत्या. लपूनछपून नव्हे. टेबलावर लोकरीचा गुंडा, मांडीवर बाही, आणि समोर संगणकाच्या पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. पट्टीखाली लिहिलं होतं, 'काम चालू आहे. कृपया वाट पाहा.' ताई वाट पाहत होत्या.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"फॉरमॅट मारलाय मॅडम," ताई सुया न थांबवता म्हणाल्या. "मशीन फार अडकत होतं. आता पन्नास मिनिटं हात लावायचा नाही."

"मग तोवर दुसरं काम करा."

"दुसरं काम पण ह्याच्यातच आहे ना."

ह्या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मॅडम पुढच्या खोलीत गेल्या. तिथे हेडक्लार्क डोळे उघडे ठेवून झोपले होते. ही विद्या त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कमावली होती. त्यांच्याही पडद्यावर निळी पट्टी होती. तिसऱ्या खोलीत तर माणूसच नव्हता, नुसतीच पट्टी होती.

हे कार्यालय वजनमापांचं. दुकानदारांनी आपले काटे, वजनं, मापं इथे आणायची, तपासून घ्यायची आणि दाखला न्यायचा. ग्रॅमचा दहावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी दुकानदाराला नोटीस जायची. अशा नेमक्या कार्यालयात चाळीस संगणक होते आणि गेल्या महिन्यात त्या चाळिसांवर एकसष्ट वेळा फॉरमॅट मारला गेला होता. हा आकडा मॅडमनी आल्या आल्या काढला होता. त्या मुख्य कार्यालयातून आल्या होत्या आणि आकडे काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

"संगणकाचं कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"बटणराव," तीन खोल्यांतून एकदम उत्तर आलं.

बटणराव हे काही खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता पगारपत्रकाशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. माणूस तिशीच्या आतला, सालस, घाबरट. त्याचं काम बघून हे नाव पडलं होतं. एखाद्याचं मशीन अडकलं की तो यायचा, पेनड्राइव्ह लावायचा, एक बटण दाबायचा आणि म्हणायचा, "पन्नास मिनिटं कुणी हात लावू नका." मग तो जायचा. ज्याचं मशीन तोही जायचा.

"एवढंच?" मॅडमनी त्याला समोर उभं करून विचारलं.

"हो मॅडम. म्हणजे असं, की नवी सिस्टिम चढवताना मशीन फार प्रश्न विचारतं. भाषा कुठली, वेळ किती, जुनं पुसू का, खरंच पुसू का, नक्की ना. त्या सगळ्याची उत्तरं आपण एका फाइलीत आधीच लिहून ठेवली आहेत. त्यामुळे माणूस लागत नाही."

"हे कळलं. पण मग पन्नास मिनिटं आत काय चालतं?"

"प्रोग्रॅम चालतात."

"कुठले?"

"दिसत नाहीत मॅडम. पडद्यामागे चालतात."

"कोणी ठेवलेत?"

पेनड्राइव्ह बटणरावच्या आधीच्या माणसाने बनवलेला होता. आधीचा माणूस म्हणजे त्याचे सासरे. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बटणरावला त्यांची मुलगी आणि त्यांची जागा, दोन्ही मिळालं. फरक एवढाच, की मुलगी कायमची मिळाली आणि नोकरी सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर. चार वर्षांत सात वेळा मुदतवाढ झाली होती. आठवी मुदत ह्या शनिवारी संपत होती आणि त्याला कायम करण्याची फाइल मॅडमच्याच टेबलावर पडून होती.

"शुक्रवारी अकरा वाजता," मॅडम म्हणाल्या, "मला यादी हवी. त्या पन्नास मिनिटांत जे जे चालतं, ते ते सगळं. प्रत्येक ओळीसमोर कारण. स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या कायमच्या कागदावर मी सही कशी करू? मुदतवाढीच्या पण नाही करणार."

आज सोमवार होता.

घरी गेल्यावर बटणरावने सासऱ्यांना विचारलं. सासरे त्याच्याकडेच राहत; खरं तर तोच त्यांच्याकडे राहत होता, पण हे बोलून दाखवायची घरात पद्धत नव्हती. ते खुर्चीत बसून नखं कापत होते.

"बाबा, आपल्या पेनड्राइव्हमध्ये आत काय काय ठेवलंय तुम्ही?"

सासऱ्यांनी नेलकटर खाली ठेवलं. "जावईबापू, पंधरा वर्षं चाललाय तो. एकदा तरी अडलाय?"

"नाही, पण मॅडम विचारतायत."

"माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही हो. प्रोग्रॅमवर."

"एकच ते. मशीनने माणसाला काही विचारायचं नाही आणि माणसाने मशीनला काही विचारायचं नाही, एवढ्या करारावर ते सगळं चाललंय. तुम्ही कशाला मध्ये बोटं घालताय?" असं म्हणून ते उठले आणि अंघोळीला गेले. संध्याकाळी सात वाजता माणूस दुसऱ्यांदा अंघोळीला गेला, की विषय त्याला झोंबला आहे असं समजायला हरकत नसते.

मंगळवारी बटणरावने पडद्यामागे डोकावायचं ठरवलं. त्याची तोड त्याला माहीत होती. सिस्टिम चढत असताना दोन कळा एकदम दाबल्या की एक काळी खिडकी उघडते. त्या खिडकीतून एक लहानसा प्रोग्रॅम सोडायचा, जो दुसरं काही करत नाही, फक्त कोण जागं झालं, कधी जागं झालं, कधी झोपलं याची नोंद करत बसतो. बटणरावने त्याला पहारेकरी असं नाव ठेवलं. आता फक्त एक मशीन हवं होतं.

एरवी 'माझं बघा, माझं बघा' म्हणून मागे लागणारं कार्यालय त्या दिवशी एकाएकी सुदृढ झालं. कुणाचंच मशीन अडकत नव्हतं.

"ताई, काल तर तुमचं अडकत होतं," तो रेकॉर्डवाल्या ताईंना म्हणाला.

"काल तुम्ही बटण दाबून जाणार होतात," ताई म्हणाल्या. "आज तुम्ही इथेच बसणार. हो ना?"

"हो, बघत बसावं लागेल."

"मग मी काय करू?"

"तुम्ही नेहमीसारख्या जा की बाहेर."

"वा! मशीनपाशी माणूस राबतोय आणि मी पायऱ्यांवर बसून विणतेय, बरं दिसतं का ते? माणूस नसतो म्हणून तर जाता येतं."

हेडक्लार्कनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. आत काय आहे ते आपल्याला कशाला हवंय? पोटात काय चाललंय हे बघायला कुणी पोट फाडून बघतं का?"

"डॉक्टर बघतात."

"आणि मग माणूस मरतो," हेडक्लार्क म्हणाले आणि निघून गेले.

शेवटी त्याने स्वतःचंच मशीन लावलं. पहारेकरी सोडला, वही उघडली, पेन काढलं. सात मिनिटं सगळं मस्त चाललं. आठव्या मिनिटाला मशीन बंद होऊन परत सुरू झालं, कारण सिस्टिम चढताना ते तीनदा असं करतंच. त्यात पहारेकरी गेला तो गेलाच. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही म्हणून बटणरावने कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी सकाळी त्याने त्यावर उपाय केला. मशीन कितीही वेळा बंद होऊन चालू झालं तरी पहारेकरी आपोआप उठावा अशी व्यवस्था त्याने पेनड्राइव्हमध्येच करून टाकली. ह्या वेळी यादी पूर्ण आली. दोनशे अकरा ओळी! बटणराव हरखला. त्याने दोन प्रती छापल्या. एक मॅडमच्या टेबलावर ठेवली, एक घेऊन बसला.

यादी वाचायला मजा येत होती. एक प्रोग्रॅम दोन मिनिटं एका प्रिंटरला हाका मारायचा, जो सहा वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. एक प्रोग्रॅम माऊसची बटणं उलटी करायचा, कारण कुणे एके काळी इथले साहेब डावखुरे होते. त्याच्या मागोमाग दुसरा प्रोग्रॅम ती बटणं पुन्हा सुलटी करायचा, कारण त्यांच्यानंतर आलेले साहेब उजवे होते. पहिला काढून टाकावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. साहेबांसाठी केलेलं काम रद्द कसं करणार? म्हणून कित्येक वर्षं प्रत्येक मशीनवर हे दोघे एकमेकांशी भांडून गप्प बसत होते.

मग तो दोनशे नवव्या ओळीवर आला आणि तिथेच थांबला.

ह्या ओळीतल्या प्रोग्रॅमचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो मशीन सुरू होताच स्वतःहून उठत होता. बंद केलं तरी परत उठत होता. पडदा नाही, खिडकी नाही, आवाज नाही. मशीनमध्ये जे जे घडेल ते बघायचं आणि गुपचूप कुठेतरी लिहून ठेवायचं, एवढंच तो करत होता. हा सरळसरळ हेर होता! चाळीस मशीनवर, वर्षानुवर्षं, आणि आपण स्वतःच्या हाताने बटण दाबत होतो!

त्याने हेडक्लार्कना सांगितलं. "कुणाला बोलू नका," असंही सांगितलं. दहा मिनिटांत ताईंनी त्याला जिन्यात अडवून विचारलं, की हेर आपले फोटोही काढत होता का, आणि काढत असेल तर ते कुठे बघायला मिळतील.

मॅडमनी दोनशे नववी ओळ वाचली आणि एकच शब्द उच्चारला. "बंद."

चाळीस मशीनच्या वायरी उपटण्यात आल्या. बाहेर काटे खांद्यावर घेऊन दुकानदारांची रांग उभी होती. दाखले हाताने लिहायचं ठरलं, पण हाताने दाखला लिहिलेला शेवटचा माणूस म्हणजे हेडक्लार्क, आणि त्यांना नमुना आठवेना. कार्बनपेपर मागवला तर भांडारातून विचारणा आली, की तो म्हणजे काय.

"माझा काटा खरा आहे का खोटा, तेवढं सांगा," रांगेतला पहिला दुकानदार म्हणाला. "वजन तुमच्याकडे, काटा माझ्याकडे. ठेवा, बघा, सांगा."

"तसं नाही सांगता येत," हेडक्लार्क म्हणाले. "संगणकात टाकावं लागतं."

"संगणकाला काटा दिसतो का?"

"नाही. आम्ही बघतो आणि त्याला सांगतो."

"मग त्याच्याऐवजी मला सांगा ना!"

हेडक्लार्कनी खिडकी लावून घेतली.

इकडे बटणराव स्वतःच्या मशीनची वायर परत लावून हेराच्या मागे लागला होता. त्याने दुपारभर तीन वेळा सिस्टिम चढवली. पहारेकरी ठेवला, की हेर हजर. मग त्याला वाटलं, पहारेकरी काढून बघू. काढला, पण पहारेकरी नाही म्हणजे यादी नाही, आणि यादी नाही म्हणजे हेर आहे का गेला हे कळायला मार्ग नाही. ह्या कोड्यात त्याचे दोन तास गेले. चार वाजता त्याचं लक्ष वेळेच्या रकान्याकडे गेलं. पहारेकरी आणि हेर एकाच सेकंदाला जन्माला येत होते. दर वेळी. आधी पहारेकरी, त्याला चिकटून हेर.

त्याने पहारेकऱ्याच्या सूचना उघडल्या. पहारेकरी सुरू होताना आपलं एक पिल्लू सोडत होता. खरं काम ते पिल्लू करायचं, आणि त्याचं नाव वेगळं होतं. हे त्या प्रोग्रॅमच्या सूचनांमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. सूचना कोण वाचतं?

"म्हणजे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चोर पकडायला तुम्ही जो ठेवला, त्यालाच चोर समजून तुम्ही माझं अख्खं कार्यालय दिवसभर बंद पाडलंत."

"हो मॅडम. तो प्रोग्रॅम जरा..."

"मी प्रोग्रॅमबद्दल बोलत नाहीये."

बटणरावने हातातल्या यादीची घडी घातली.

"शुक्रवार, अकरा वाजता," मॅडम म्हणाल्या. "शनिवार त्याच्यानंतर येतो, हे लक्षात असू द्या."

गुरुवारी सगळं कार्यालय त्याच्याशी कामापुरतं बोललं, म्हणजे बोललंच नाही. बुधवारचं तुंबलेलं काम उपसून सगळ्यांची बोटं दुखत होती. तो एकटाच कोपऱ्यात बसून एकेका ओळीसमोर कारण लिहीत गेला. दुपारी तीनच्या सुमारास तो एकशे चौऱ्याहत्तराव्या ओळीला पोचला. प्रोग्रॅमचं नाव साधंच होतं, 'तयारी'. पण तो बत्तीस मिनिटं चालत होता. पन्नासातली बत्तीस! एवढी कसली तयारी? त्याने तो उघडून बघितला. आत फक्त चार सूचना होत्या. थोडा वेळ थांब. पट्टी जराशी सरकव. पुन्हा थांब. शेवट येईपर्यंत हेच कर.

त्याने तो पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा वाचला. सिस्टिम चढायला अठराच मिनिटं लागत होती. उरलेली बत्तीस मिनिटं मशीन नुसतं बसून होतं, आणि त्याच्यासमोर अख्खं कार्यालय बसून होतं.

घरी पोचल्यावर त्याने चपलाही न काढता यादी सासऱ्यांच्या पुढ्यात धरली. "बाबा, एकशे चौऱ्याहत्तर."

सासऱ्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला. ह्या वेळी ते अंघोळीला गेले नाहीत. बाथरूममध्ये मुलीने कपडे भिजत घातले होते.

"सापडलं म्हणायचं," ते म्हणाले.

"बाबा, ही लबाडी आहे!"

"बसा आधी. पंधरा वर्षांपूर्वी मी हे सगळं पहिल्यांदा बनवलं ना, तेव्हा एक मशीन अठरा मिनिटांत व्हायचं. त्याआधी अख्खा दिवस लागायचा. मला वाटलं, साहेब पाठ थोपटतील. उड्या मारत गेलो. साहेब म्हणाले, 'वा, छान. बटण दाबलं की अठरा मिनिटांत होतं. मग ह्याला स्वतंत्र माणूस कशाला हवा? बटण काय, शिपाईसुद्धा दाबेल.' आणि त्यांनी पद रद्द करायचा कागद टाइप करायला दिला."

"मग?"

"मग मी म्हटलं, साहेब, अजून तयारीचं काम राहिलंय, थोडा जास्त वेळ लागेल. दोन दिवसांनी पन्नास मिनिटं दाखवली. साहेब म्हणाले, 'एवढा वेळ लागतो म्हणजे काम अवघड दिसतंय.' कागद फाडला." सासऱ्यांचा आवाज जरा खाली आला. "ज्या जागेवर तुम्ही बसता ना जावईबापू, ती त्या बत्तीस मिनिटांवर उभी आहे. मला काय हौस होती? मुलगी शाळेत होती माझी."

बटणरावने मनात हिशेब मांडला. यादी दिली तर पद जातं, नाही दिली तर माणूस जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला शुक्रवारच्या अकरापर्यंतचीच जागा. त्याला खरोखर रडू येत होतं. चार वर्षं दर सहा महिन्यांनी ह्या घरात कुणी नवं काही विकत घ्यायचं म्हटलं, की 'आधी मुदतवाढ होऊ दे' असंच उत्तर मिळत आलं होतं. घरातला फ्रिज त्या उत्तरामुळे अजून दुकानातच होता.

बायको इतका वेळ दारात उभी राहून शेंगा सोलत ऐकत होती.

"अहो, त्या बाईंनी मागितलंय काय नक्की?" तिने विचारलं.

"यादी. आत काय काय चालतं त्याची."

"एकदाच?"

"तसं काही बोलल्या नाहीत."

"यादी करायला वेळ लागतो ना?"

"लागतो. नीट केली तर चांगलाच लागतो. प्रत्येक ओळ जुन्या यादीशी ताडून बघायची म्हटलं तर..."

"मग दोघं डोक्याला हात लावून काय बसलाय?" ती म्हणाली. "ते थांबणं बिंबणं काढून टाका आणि त्या वेळात यादी करायला बसवा त्याला. दर मशीनवर. बाईंचाच हुकूम आहे. खोटंही नाही आणि वेळही तेवढाच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पंधरा वर्षं ज्या जागी काहीच नव्हतं, तिथे ठेवायला इतकी योग्य वस्तू मिळेल असं दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

"हिला संगणकाला घालायला हवं होतं मी," सासरे पुटपुटले. "उगाच शिवणकामाला घातलं."

रात्री सासरे-जावई खांद्याला खांदा लावून बसले. 'तयारी' काढली, तिच्या जागी पहारेकऱ्याची यादी आणली. प्रत्येक ओळ मागच्या यादीशी ताडायची, फरक असेल तर खूण करायची, मग सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायची. सासऱ्यांच्या घरातल्या जुन्या संगणकावर लावून बघितलं. सगळं मिळून सत्तेचाळीस मिनिटं.

"तीन कमी पडतायत," सासरे म्हणाले.

"बाबा, पुरे."

"पुरे कसं? लोकांना पन्नासची सवय आहे. दोनदा ताडू द्या त्याला."

दोनदा ताडून बरोबर पन्नास झाली.

शुक्रवारी अकराला बटणराव मॅडमच्या समोर उभा होता. यादी टेबलावर ठेवली, मनातल्या मनात पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मॅडम, अठरा मिनिटं सिस्टिम चढते. उरलेली बत्तीस मिनिटं, आपल्या आदेशाप्रमाणे, आत काय काय चाललं त्याची दोनदा तपासलेली यादी तयार होते. दर वेळी, दर मशीनवर."

मॅडम वाचत गेल्या. त्या पान उलटताना बोट जिभेला लावत नव्हत्या, ह्याचीसुद्धा बटणरावला भीती वाटत होती. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला आणि बुधवारची यादी काढली. ती जी त्याने स्वतःच यादी मिळाल्याच्या उत्साहात टेबलावर ठेवली होती. दोनशे नववी ओळ नव्हे, एकशे चौऱ्याहत्तरावी लाल शाईने गोल केलेली होती.

"ही आजच्या यादीत नाही," मॅडम म्हणाल्या.

बटणरावने लाल गोलाकडे बघितलं. "नाही मॅडम."

"बुधवारी होती. बत्तीस मिनिटं. मी मुख्य कार्यालयातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, हा प्रोग्रॅम काहीच करत नाही."

"काहीच नाही मॅडम."

"कोणी लिहिला?"

सासऱ्यांचं पेन्शन, सासऱ्यांचं नाव, सासऱ्यांची भिजत घातलेल्या कपड्यांमुळे हुकलेली अंघोळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "मी लिहिला," तो म्हणाला.

मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. "इथे तारीख आहे. पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"नववीत होतो."

"नववीतून इथे येऊन लिहून गेलात?"

संपलं, त्याला वाटलं. शनिवारचं आता शुक्रवारीच झालं. निदान फ्रिज घेतला नाही हे बरं झालं.

मॅडम उठल्या, दार लावलं आणि परत येऊन बसल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या अगदी वेगळ्या दिसत होत्या, दमलेल्या.

"तुमची मुदत किती महिन्यांची असते हो?" त्यांनी विचारलं.

"सहा, मॅडम."

"माझीही सहाच," मॅडम म्हणाल्या. "मला इथे खास तपासणीसाठी पाठवलंय. तपासणी संपली, की परत मुख्य कार्यालयात. तिथे माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवून झालंय. आल्या आल्या मी आकडे काढले, ह्या आठवड्यात तुम्ही यादी दिलीत. अजून एक आठवडा गेला तर मला तपासायला काही राहणार नाही. मग सोमवारी मी जाऊन बसू कुठे?"

बटणराव न विचारताच समोरच्या खुर्चीत बसला.

"चाळीस मशीन," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाची यादी. ती कुणीतरी वाचायला हवी, मागच्या यादीशी ताडायला हवी, त्यावर शेरा मारायला हवा. मग जिल्ह्यातल्या शाखा आहेत. कायमचं काम आहे हे. त्याला कायमचा माणूस लागेल आणि कायमची तपासणीही लागेल. बरोबर?"

"अगदी बरोबर मॅडम."

त्यांनी त्याची फाइल पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर हात थांबवला. "ही यादी एका मशीनला किती वेळ घेते म्हणालात?"

"बत्तीस मिनिटं."

"आणि नीट केली तर?"

बटणरावने क्षणभर विचार केला. गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात भीती नव्हती आणि त्यामुळे हिशेब भराभर होत होता.

"नीट केली तर मॅडम, दीड तास तरी लागेल."

"मग नीटच करा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.